अकूस्टिक, ब्लूग्रास वळणाचा पहिला आल्बम : माईक लावण्याआधीचं आणि नंतरचं

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

गिटार, पाच तारांचा बँजो, मेंडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि डबल बेस. गाणी स्वतःची, चाली इंडी-फोकच्या, वाजवण्यात ब्लूग्रासची (अमेरिकेतलं वेगवान, तारवाद्यांचं लोकसंगीत) झाक. अशा बँडच्या पहिल्या आल्बमबद्दलची कामाची माहिती इथे एकत्र करू. गृहीत एवढंच : पाच माणसं, दहा गाणी, एक बऱ्यापैकी खोली, आठ इनपुटचा इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारं यंत्र), ड्रम नाहीत. आणि बँजो म्हणजे कातडं ताणलेला, बोटांत नख्या घालून वाजवायचा. बटणं दाबायचा तो नव्हे.

सुरुवात मी करतो. पहिला आल्बम माईकमुळे क्वचित बिघडतो. सगळे जण सगळा वेळ वाजवत राहतात, त्यामुळे बिघडतो. डिसेंबर १९४५ मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज मेंडोलिनवादक बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये आला आणि पुढच्या दोनेक वर्षांत या संगीताचा साचा बसला. त्यात वाद्यं पाचच, पण गर्दी कुठेच नाही, कारण कामं वाटलेली आहेत. बेस चारपैकी १ आणि ३ या ठोक्यांवर. मेंडोलिनचा चॉप (लगेच दाबून तोडलेला झटका) २ आणि ४ वर. स्नेअरचं काम तोच करतो. गिटार १ आणि ३ ला खालची तार, २ आणि ४ ला झटका. बँजोचा रोल (बोटांच्या ठरलेल्या क्रमाने छेडलेल्या सुरांची माळ) या सगळ्यावरून सलग वाहतो आणि फिडल गायकाच्या श्वासाच्या जागी डोकावतं.

इंडी-फोकमध्ये गायक जवळून, हलकं, जवळजवळ कुजबुजत गातो. ब्लूग्रासचा गायक वरच्या पट्टीत खणखणीत लावतो, म्हणून त्याला मागचा रोल सोसतो. कुजबुजीला सोसत नाही. तेव्हा प्रत्येक गाण्याचा एक तक्ता करा. आडवे रकाने : सुरुवात, कडवं १, ध्रुवपद, कडवं २, वाद्यांचा तुकडा, कडवं ३, शेवट. उभी पाच वाद्यं. प्रत्येक घरात तीनपैकी एकच शब्द लिहायचा : ठेका, भरणा किंवा गप्प. एका रकान्यात ‘भरणा’ एकालाच. कडवं १ मध्ये किमान दोन ‘गप्प’. तक्ता भरताना वादावादी होते, होऊ द्यावी; तीच पुढे रेकॉर्डिंगच्या खोलीत झाली तर सगळ्यांचे तास जातात.

शंकासुर

धागा पकडला. दोन शंका : संथ गाण्यात मेंडोलिनचा चॉप विचित्र वाटतो, तिथे काय करायचं? आणि बँजो गप्प बसत नाही, त्यावर औषध काय?

मंद्रसप्तक

मिनिटाला ८० ठोक्यांच्या खाली चॉप आखडलेला वाटतो. दोन चॉपमधली पोकळी कानाला टोचते. तिथे मेंडोलिनने लांब ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडत राहणं) धरावा, तोही दोनच तारांवर, किंवा गिटारसारखे सुटे सूर छेडावेत. ठेका गिटारच्या बोटांवर सोडून द्यावा. बँजोबद्दल कातडं_ताणलेलं सांगतीलच.

कातडं_ताणलेलं

बँजोवाले गप्प बसत नाहीत हे खरं. पण रोल थांबवता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी रोलचं गणित. एका मापात आठ सूर असतात आणि अंगठा-तर्जनी-मधलं बोट या क्रमाने त्यांची वाटणी ३+३+२ होते. खालचा ठेका चौपदरी, वर हे तिरके गट. धावण्याचा भास त्या ओढाताणीतून येतो. गायक गात असताना हीच ओढाताण शब्दांच्या आघातांना आडवी जाते. मग पर्याय तीन :

एक, रोल सोडून वरच्या फ्रेटवर बंद तारांचा झटका, २ आणि ४ वर. मेंडोलिनसुद्धा चॉप करत असेल तर दोघांपैकी एकानेच. दोघे एकत्र आले की चॉप जाड होतो आणि दोघांच्या वेळेतला बारीक फरक कानाला ‘टक्क’ऐवजी ‘टर्र’ ऐकू येतो.

दोन, रोल अर्धा करा. आठऐवजी चार सूर, पाचवी तार वगळून. पाचवी तार म्हणजे वरचा जी, तो सतत टणटणत राहतो आणि हलक्या आवाजाला सगळ्यात जास्त तोच झाकतो.

तीन, वाद्यच बदला. रेझोनेटरवाला बँजो आणि धातूच्या नख्या हा एक आवाज. पाठ उघडी असलेला बँजो क्लॉहॅमर पद्धतीने, उघड्या नखाने वाजवला की तो वेगळंच वाद्य होतो : मऊ, लाकडी, लवकर विझणारा. कुजबुजत्या गाण्यांना हा बसतो. दहापैकी तीन-चार गाण्यांत तो घेतला तर आल्बमचा रंगही एकसुरी राहत नाही.

आता जुळणी. घोडी जागेवर आहे का ते आधी बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर घोडी मागे, टेलपीसकडे. उतरला तर पुढे, मानेकडे. ०.५ मिमी सरकवली तरी फरक दिसतो. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला.

कातड्याचा ताण : घोडी आणि कडा यांच्या मध्यावर बोटाने टिचकी मारून ऐका. प्लास्टिकचं ११ इंची कातडं बरेच जण जी किंवा जी-शार्पच्या आसपास ठेवतात. ढिलं असेल तर आवाज भोपळ्यासारखा, फार ताणलं तर पत्र्यासारखा आणि तुटक. हुक घट्ट करताना समोरासमोरचे, प्रत्येकी पाव फेरा. एकाच बाजूने आवळत गेलं की कडी तिरकी बसते.

शेवटचं : माईकसमोर बँजोची उरलेली घंटी फार ऐकू येते. कातड्याच्या आत, आडव्या दांडीच्या आणि कातड्याच्या मध्ये मऊ फडक्याची सैल घडी सरकवा. कातड्याला जेमतेम टेकेल इतकीच. घट्ट खुपसली तर बँजोचा जीवच जातो.

शंकासुर

फडकं. लिहून घेतलं.

घोडी_सरकली

जुळणीचा विषय निघालाच आहे तर सूर मिळवण्याबद्दल. अकूस्टिक रेकॉर्डिंगमध्ये बेसूर टेक दुरुस्त करता येत नाही, कारण प्रत्येक माईकमध्ये बाकीचे चौघेही असतात. एकाचा सूर सरकवला की शेजाऱ्यांच्या माईकमध्ये मूळ सूर तसाच राहतो आणि दोन्ही मिळून घोळ होतो.

तारा : गिटारच्या फॉस्फर ब्राँझ तारा आदल्या दिवशी घाला, ताणून घ्या, अर्धा तास वाजवा. मेंडोलिनच्याही तशाच. त्याच दिवशी घातलेल्या तारा दर टेकनंतर उतरतात. बेसच्या तारा जुन्याच चांगल्या, त्यांना हात लावू नका.

मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत (जी, डी, ए, ई) असतात. जोडीतल्या दोघी २ सेंटनी (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) जरी वेगळ्या असल्या तरी लाटा ऐकू येतात. आधी जोडीतली एक मिळवा, दुसरी ट्यूनर न बघता तिच्याशी कानाने मिळवा. नेहमी खालून वर चढत जायचं. सूर चढा झाला तर पूर्ण उतरवून पुन्हा चढायचं, नाहीतर खुंटीतली ढिलाई टेकच्या मध्यात सुटते. तार नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकून ‘टिक’ करत उडी मारत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा.

कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) : लावला की तारा थोड्या चढतातच. मग पुन्हा मिळवा, आणि कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, कमीत कमी दाबाने लावा. जीची बोटं धरून ए हवा तर दुसऱ्या फ्रेटवर, बी हवा तर चौथ्या. बँजोवाल्याने पाचवी तार विसरायची नाही. ती पाचव्या फ्रेटपासून सुरू होते, त्यामुळे एसाठी सातव्या फ्रेटवरच्या खिळ्याखाली, बीसाठी नवव्या.

आणि जी-मेजरमधला तो बी. समान अंतराच्या स्वरमेळात मेजर तिसरा सूर नैसर्गिक सुरापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. तिघे गायक एकत्र गाताना कान आपोआप नैसर्गिक तिसऱ्याकडे जातो आणि बँजोची मोकळी दुसरी तार त्याला टोचते. ती ३ ते ५ सेंट उतरवली की जीमधली गाणी निवतात. पण गाण्यात ई-मेजर येत असेल तर हे करू नका, तिथे तीच तार पाचवा सूर होते आणि उतरलेली कळते.

फिडल-बेसला फ्रेट नाहीत, म्हणून सगळ्यांनी एकाच ट्यूनरला ए = ४४० वर यायचं. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर दिवसभर सूर टिकतो.

खर्ज

वरच्या प्रतिसादात खोलीचा उल्लेख शेवटच्या ओळीत उरकला आहे. बेसवाल्याच्या दृष्टीने खोली हेच पहिलं वाद्य.

छत २.४ मीटर असेल तर ३४३ भागिले ४.८ म्हणजे साधारण ७१ हर्ट्झवर छत आणि जमीन यांच्यात उभी लाट बसते. बेसची मोकळी डी तार ७३.४ हर्ट्झची. म्हणजे डी वाजला की खोली घुमणार आणि शेजारचा ई मात्र बारीक येणार. मिक्समध्ये ईक्यू (आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणं) लावून हे पुरतं जात नाही, कारण घुमणं वेळेत लांबतं. उपाय तीन : बेस खोलीच्या कोपऱ्यातून आणि मध्यबिंदूवरून हलवा, लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर उभं राहून बघा. कोपऱ्यांत जाड खनिज लोकरीचे गठ्ठे ठेवा, १० सेंमीचे पातळ थर ७० हर्ट्झला काही करत नाहीत. आणि जमलं तर गाण्याची पट्टीच अर्ध्या सुराने हलवा. हा तिसरा उपाय फुकटचा, पण गायकाला विचारून.

वाजवण्यात : कॉर्ड बदलताना पहिल्या ठोक्यावर बेस आणि गिटार दोघांनीही मूळ सूरच वाजवायचा. पाचवा सूर तिसऱ्या ठोक्यावर. एक मूळ सूर आणि दुसरा पाचवा घेऊन बसला की कॉर्ड कोणती तेच कळत नाही, आणि लोक त्याला ‘चिखल’ म्हणत ईक्यू शोधत बसतात. बेसचा सूर पुढच्या ठोक्याआधी विझला पाहिजे. बोट उचलून विझवा, म्हणजे चॉपला जागा मिळते.

डेसिबल_दर_डेसिबल

खोली आणि सूर झाले, आता माईक. आधी हा निर्णय : सगळे एका खोलीत एकत्र की एकेक जण वेगळा? या संगीतासाठी एकत्र. लय एकमेकांच्या हातांकडे बघून लागते. मात्र एकत्र म्हणजे एकमेकांच्या माईकमध्ये गळती होणार हे मान्य करायचं आणि ती गळती चांगली ऐकू येईल अशी बसवायची.

पाचांचं वर्तुळ, व्यास दोन ते अडीच मीटर. बँजो आणि फिडल समोरासमोर नकोत, दोघांचा कर्कश पट्टा एकच. बेस गिटारच्या शेजारी.

गिटार : लहान पडद्याचा कंडेन्सर, मान जिथे पेटीला मिळते तिथे, २० ते ३० सेंमी. छिद्रासमोर नाही. ड्रेडनॉट पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि छिद्रासमोर तेच भरतं.

बँजो : ३० ते ४० सेंमी, घोडीपासून थोडं मानेच्या बाजूला रोख. घोडीवर सरळ रोखला तर नख्यांची खरखर येते. रिबन माईक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर इथे वापरा, वरचा पट्टा आपोआप गोल होतो.

मेंडोलिन : २० ते ३० सेंमी, खालच्या एफ-छिद्राकडून जरा वर. लेव्हल ट्रेमोलोवर लावू नका, चॉपवर लावा. चॉपचा उसळा फार मोठा असतो. १.४ मिमीच्या आसपासची, कोपरे गोल असलेली जाड पिक घ्या. पातळ पिकची चटचट माईकला आधी ऐकू येते, सूर नंतर.

फिडल : वरून ६० ते ९० सेंमी. छत बुटकं असेल तर सांभाळा. माईक छतापासून ३० सेंमीवर असेल तर छतावरून परत येणारा आवाज साधारण ६० सेंमी जास्त चालून येतो, म्हणजे १.७५ मिलिसेकंद उशिरा, आणि २८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. फिडलची मोकळी डी २९४ हर्ट्झ. मग लोक म्हणतात डी तार मेली आहे. छताला जाड शोषक लावा नाहीतर माईक खाली आणा.

बेस : घोडीच्या पुढे १५ ते २० सेंमी, एफ-छिद्राच्या जरा वर. पिकअपची तार जोडून ठेवा, पण ती गरजेपुरतीच. दोन्ही एकत्र करताना पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटून बघा; ज्या बाजूला खालचा भाग भरतो ती बाजू ठेवा.

असे पाच इनपुट गेले. सहावा गायकाचा. सातवा-आठवा वर्तुळाबाहेर स्टिरिओ जोडी, दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारे) माईक १७ सेंमी अंतरावर ११० अंशात, दीड-दोन मीटर उंच. मिक्सचा पाया हीच जोडी.

तीनास एकचा नियम : वाद्य माईकपासून ३० सेंमीवर असेल तर शेजारचा माईक किमान ९० सेंमी लांब. मग गळती सुमारे ९.५ डेसिबल खाली राहते. जवळ असेल तर कंगव्यासारखे दात पडतात : ३४ सेंमीच्या फरकाला १ मिलिसेकंद, खड्डे ५००, १५००, २५०० हर्ट्झवर. बँजो ‘नाकात’ वाटतो तो यामुळेच.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठे उसळे -१० डेसिबलच्या खाली ठेवा. २४ बिटमध्ये लेव्हल कमी पडल्याने काही बिघडत नाही, वर आदळल्याने बिघडतं.

कातडं_ताणलेलं

बँजोला रिबन, +१. फक्त रिबनला फँटम पॉवर (केबलमधून माईकला जाणारी वीज) द्यायची आहे की नाही ते आधी बघा. काही जुन्या रिबनला चुकीच्या केबलवरून गेली तर पट्टी ताणते.

शंकासुर

गायकच गिटार वाजवत असेल तर? सहावा माईक आणि गिटारचा माईक एकाच माणसासमोर, अर्ध्या मीटरच्या आत. तीनास एक कुठून आणायचं?

डेसिबल_दर_डेसिबल

तिथे आठच्या आकड्याचा माईक. त्याला दोन्ही बाजूंनी, म्हणजे ९० अंशावर जवळजवळ काही ऐकू येत नाही. गायकाचा माईक असा झुकवा की त्याची बहिरी बाजू गिटारकडे येईल. गिटारच्या माईकची बहिरी बाजू तोंडाकडे. दोन्ही आठचे असतील तर गळती अपेक्षेपेक्षा फार कमी होते. मात्र आठच्या माईकची पाठही ऐकते, तर पाठीमागे काचेची खिडकी नको, जाड पडदा हवा.

तिसरा_सूर

गायनाबद्दल मी.

तीन आवाजांची नेहमीची रचना : मुख्य सूर मध्ये, टेनर त्याच्या वर, बॅरिटोन खाली. दुसरी रचना : मुख्य सूर सगळ्यात वर, बाकी दोघे खाली. इंडी-फोकच्या हलक्या गायकाला ही दुसरी बरी पडते, कारण त्याच्या वर कोणी नसतं आणि चाल ऐकू येते. पट्टी ठरवताना टेनरला विचारायचं, मुख्य गायकाला नाही. मुख्य गायक दोन सूर खाली-वर चालवून घेतो, टेनरचा घसा तेवढं ऐकत नाही.

तिघे एका माईकभोवती उभे राहा, ३० ते ४५ सेंमीवर. समतोल पायांनी करायचा : जो जोरात गातो तो अर्ध पाऊल मागे. तीन वेगळे माईक लावून नंतर फेडरने समतोल करता येतो, पण तिघांचे श्वास आणि शब्दांचे शेवट जुळत नाहीत, कारण कोणीच कोणाला नीट ऐकलेलं नसतं. शब्दाचा शेवटचा ‘स’ आणि ‘त’ एकानेच उच्चारायचा, बाकी दोघांनी गिळायचा. लिहून ठेवा कोण.

आता खरी अडचण. वाद्यांसोबत गायकाने फक्त खूण म्हणून हलकं गायलं आणि खरा आवाज नंतर घेतला, तर जुना आवाज फिडलच्या आणि मेंडोलिनच्या माईकमध्ये भुतासारखा राहतो. नंतरचा टेक त्याच्याशी शब्दाशब्दाला जुळणार नाही, आणि तो दुहेरीपणा काढता येत नाही. म्हणून दोनच मार्ग : त्याच खोलीत खरंच गा आणि तोच ठेवा, किंवा खुणेचं गाणं दुसऱ्या खोलीतून हेडफोनमध्ये द्या, बंद पाठीच्या हेडफोनमध्ये, एका कानाला.

लयवेडा

क्लिक ट्रॅकचं (हेडफोनमध्ये सतत वाजणारा मेट्रोनोमचा ठोका) कोणीच बोललं नाही. क्लिक वापरा. नाहीतर संपादन अशक्य.

मंद्रसप्तक

पूर्ण गाणं क्लिकवर नको, लयवेडा. या वाजवण्यात ड्राइव्ह ज्याला म्हणतात तो ठोक्याच्या अगदी किंचित पुढे झुकून वाजवण्यातून येतो, आणि वाद्यांच्या तुकड्याच्या वेळी सगळे एक-दोन ठोक्यांनी चढतात, कडव्यात परत येतात. क्लिक हा झोका सपाट करतो. शिवाय क्लिक हेडफोनमधून झिरपून फिडलच्या माईकमध्ये जातो.

लयवेडा

चढणं आणि परत येणं मान्य. पण बहुतेक बँड चढतात आणि परत येत नाहीत. शेवटचं ध्रुवपद पहिल्यापेक्षा मिनिटाला दहा ठोके पुढे, तो झोका नव्हे, घसरण.

तडजोड : प्रत्येक गाण्याची लय आकड्यात लिहा. टेकच्या आधी आठ मापं मेट्रोनोम लावा, पण ठोका २ आणि ४ वर ठेवून. म्हणजे चॉपची जागा कानात बसते. मग बंद. टेकनंतर पहिल्या आणि शेवटच्या ध्रुवपदाची लय मोजा. ३ ठोक्यांपर्यंतचा फरक चालेल. दोन टेकमधला फरक २ ठोक्यांच्या आत असेल तरच त्यांचे तुकडे जोडता येतील. सरावात मात्र क्लिक रोज.

मंद्रसप्तक

याला हरकत नाही. टेक किती, हेही जोडतो : तीन किंवा चार. पाचव्यापासून चुका कमी होतात आणि जीवही. चौथ्याला जमलं नाही तर गाणं बाजूला ठेवून दुसरं घ्या.

डेसिबल_दर_डेसिबल

जोडकामाच्या सूचना, कारण इथे फसगत होते. तुकडा सगळ्या ट्रॅकवर एकाच ठिकाणी कापायचा, एकट्या बँजोवर नाही, कारण तो बाकीच्या सात माईकमध्येही आहे. कापायची जागा ठोक्याच्या अगदी आधी, ५ ते १० मिलिसेकंदांच्या सांध्याने. आधीच्या कॉर्डची आस पुढच्या टेकमध्ये असेलच असं नाही. म्हणून लांब कॉर्डवर जोडू नका, चॉपवर जोडा. चॉप बंद तारांचा, त्याच्या मागे आस नसते. शिवाय त्याचा टक्क आवाज सांधा झाकतो.

रोज सुरुवातीला खोलीची शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. दोन गाण्यांच्या मध्ये डिजिटल शून्य घातलं तर कानाला दार बंद झाल्यासारखं होतं.

मिक्स : आधी फक्त स्टिरिओ जोडी वर. मग एकेक जवळचा माईक, वाद्याची कड जाणवेपर्यंतच. जोडीत बँजो डावीकडे ऐकू येत असेल तर त्याचा माईकही डावीकडे. उलट लावला तर बँजो दोन जागी बसतो. हायपास (दिलेल्या आकड्याखालचा आवाज कापणं) : गिटार ८०, बँजो १२०, मेंडोलिन आणि फिडल १६० ते १८० हर्ट्झ. बेसला नाही. कॉम्प्रेशन (मोठे उसळे दाबणं) २:१, अॅटॅक (दाबणं सुरू व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, २-३ डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. वेगवान अॅटॅकने पहिल्यांदा चॉप मरतो. कुजबुजत्या आवाजावर ४ डेसिबलपर्यंत चालेल, पण आधी फेडर हाताने चालवून बघा. शेवटी मोनो करून ऐका : बँजो गायब झाला तर कुठेतरी पोलॅरिटी उलटी आहे.

खर्ज

बेसला हायपास नाही म्हणता, पण ३० हर्ट्झखाली लावायला हवा. सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झची, त्याखाली पायांचा दणका आणि स्टँडची थरथर एवढंच असतं.

डेसिबल_दर_डेसिबल

बरोबर, ३० चा धरा.

घोडी_सरकली

गाण्यांचा क्रम. कॅपोमुळे सगळ्या गाण्यांची बोटं जीची आणि पट्ट्या जी, ए, बी. सलग तीन गाणी एकाच पट्टीत आली की चौथं सुरू होण्याआधीच कान दमतो. दहा गाण्यांच्या चिठ्ठ्या करा : पट्टी, लय, पहिलं वाद्य कोणतं, मुख्य आवाज कोणाचा. शेजारच्या दोन चिठ्ठ्यांत यांपैकी दोनपेक्षा जास्त गोष्टी सारख्या नकोत.

व्हिनाइल काढणार असाल तर क्रम आणखी बांधला जातो. १२ इंची, ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंमी, आतल्या टोकाला सुमारे २१. आत जाल तसा वरचा पट्टा विस्कटतो आणि ‘स’ फुटतो. बँजो-फिडलचं धावतं गाणं बाजूच्या सुरुवातीला, गिटार आणि एकटा आवाज शेवटी. एक बाजू २० मिनिटांच्या आत ठेवा, नाहीतर लेव्हल खाली आणावी लागते.

लयवेडा

मास्टरिंगची (मिक्सनंतरचं शेवटचं काम) लेव्हल किती? सगळीकडे -१४ म्हणतात.

डेसिबल_दर_डेसिबल

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला -१४ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणतं, ॲपल म्युझिकचा साउंड चेक -१६ वर. मुद्दाम -९ पर्यंत दाबलेला आल्बम तिथे खालीच ओढला जातो आणि चॉपचा उसळा गेलेला गेलाच. अकूस्टिक आल्बम -१६ ते -१४ मध्ये सुखाने बसतो. ट्रू पीक (प्रत्यक्षातला सर्वांत उंच उसळा) -१ डेसिबल. आणि संथ गाणं धावत्या गाण्याइतकं मोठं करू नका. आल्बम म्हणून एकच वाढ सगळ्यांना द्या. एकट्या गिटारचं गाणं शेजारच्यापेक्षा ३-४ डेसिबल खालीच शोभतं.

तिसरा_सूर

आल्बममध्ये एखादं पारंपरिक गाणं घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. हे अमेरिकेचे नियम, कारण बहुतेक साठा तिथला आहे : १९७८ पूर्वी प्रकाशित रचनेचा हक्क जास्तीत जास्त ९५ वर्षं. १९२३ ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा १०० वर्षं. दोन्ही वेगळे धरा. गाणं मोकळं असू शकतं आणि तुम्ही जिथून शिकलात ती एखाद्याची मांडणी मात्र हक्कातली. शक्य तितकं जुनं छापील रूप शोधा आणि चाल तिथून घ्या. हक्कातलं गाणं असेल आणि ते आधी प्रसिद्ध झालेलं असेल तर कलम ११५ चा सक्तीचा परवाना मिळतो, पण मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव बदलायची मुभा त्यात नाही. शब्द बदलायचे असतील तर मालकाची वेगळी परवानगी.

स्वतःच्या गाण्यांना : कोणी किती लिहिलं ते टक्क्यांत, पाचांच्या सह्यांसकट, रेकॉर्डिंगच्या आधी. बँजोचा तुकडा चालीचा भाग धरायचा की वाजवण्याचा, हा वाद आल्बम आल्यावर फार महागात पडतो.

शंकासुर

शेवटची शंका. आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) गाण्याला एक की आल्बमला एक?

तिसरा_सूर

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक, १२ अक्षर-अंकांचा. तेच गाणं नंतर वेगळं रेकॉर्ड केलं तर नवा कोड. तेच रेकॉर्डिंग आधी सिंगल म्हणून आणि मग आल्बममध्ये आलं तर जुनाच ठेवायचा. नवा घेतला की ऐकणाऱ्यांचा आकडा दोन ठिकाणी फुटतो. आल्बमला वेगळा बारकोड लागतो. आणि वाजवणाऱ्यांची नावं त्याच वेळी भरा, वाद्यासकट. नंतर दुरुस्त होतात, पण प्रत्येक सेवेवर वेगळ्या वेगाने.

कातडं_ताणलेलं

वाद्यासकट म्हणजे ‘बँजो’ एवढंच नको. क्लॉहॅमरवाली गाणी आणि तीन बोटांची गाणी वेगळी लिहा, विचारणारे विचारतात.